धान फुलोऱ्यावर असताना

गडचिरोली,
दि. १९ ऑक्टोबर १९८६

आदरणीय आत्याबाई यांना,
तुमची सून गोकुळा हिचा सविनय जयभीम.

इथे बाबा, आई आणि मी बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? म्हशीला वगार झाल्याचं लटारूकाकांनी बाजारात बाबांना सांगितलं. ऐकून बरं वाटलं, तुमच्या चहाची सोय झाली. नहराकडच्या आपल्या धानाच्या बांध्या आता निसवल्या असतील, लोंब्या बाहेर आल्या असतील.

अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घ्यावं. मला एक गोळी सुरू आहे. तिने शिंका थांबतात, पण दुपारभर डोळ्यांवर झापड राहते. झोपही नाही आणि पुरती जागही नाही. अंगणात बाजेवर बसून लिहिते आहे आणि मध्येच वाटतं की मी तुमच्या घरापुढच्या सपरीत आहे, तुम्ही सुपात तांदूळ पाखडता आहात, कोंडा उन्हात सोन्यासारखा उडतो आहे. मग आई हाक मारते, अन् सपरी निघून जाते.

मला काय झालं होतं ते कळलं आहे. तेच सांगायला हे पत्र.

मागच्या दिवाळीनंतर मी इकडे आले आणि महिन्याभरात खडखडीत बरी झाले. आई म्हणायची, माहेरचा आराम लागू पडला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, एक शिंक नाही. पण यंदा पोळा झाला आणि पुन्हा तेच. सकाळी उठल्याबरोबर वीस-वीस शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदलेलं, मग कोरडा खोकला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने माझा पेला ओट्याच्या टोकाला सरकवला. तुमच्यासारखं तिचंही मन क्षयच म्हणत होतं.

बाबांच्या ओळखीचे वामनराव कंपाउंडर आहेत. त्यांच्याकडे मी खोकल्याचं औषध आणायला गेले, तर त्यांनी बाटली हातात धरूनच विचारलं, "हे कवापासून होते तुले?"

"पोळ्यानंतर."

"अन् थांबते कवा?"

"धान कापणीले आले का थांबते."

"दर साली?"

"हो. लग्न झालं तवापासून चार सालं."

वामनराव हसले. म्हणाले, "क्षयाले का कॅलेंडर समजते बाई? तो का धान पाहून येते? नागपूरले जा. ॲलर्जीचा डॉक्टर पाह्यजे तुले. इथी माह्या बाटलीत काई नाई."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाबांनी तो विडीच्या पाकिटावर लिहून घेतला.

दसऱ्याला दीक्षाभूमीला जातोच, तशी यंदाही वस्तीतली माणसं निघाली. बस वैनगंगेच्या पुलावरून जाताना काठचं गवत पांढऱ्या तुऱ्यांनी भरलं होतं. ऊन पडलेलं, वारा नव्हता, तरी ते तुरे हलत होते. किती सुंदर दिसत होतं, आत्याबाई, आणि मी पदर नाकाला लावून शिंकत होते.

सगळे परतले, बाबा आणि मी नागपुरात राहिलो. पहिल्या दवाखान्यात विडीच्या पाकिटावरचा शब्द पाहून त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथले डॉक्टर कान-नाक-घशाचे. त्यांनी नाकात दिवा लावून पाहिलं आणि सांगितलं, "याच्या खास डॉक्टर आहेत, धंतोलीत. त्यांच्याकडेच जा." विचारत विचारत पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

त्या डॉक्टर वयस्कर बाई आहेत, केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी छातीला नळी लावली, पण त्याआधी अर्धा तास नुसतं विचारलं. ताप येतो का? नाही. वजन घटलं का? नाही. डोळ्यांना खाज सुटते का, टाळूला? हो, टाळूला फार. घरात बरं वाटतं की शेतात? सकाळी जास्त की संध्याकाळी? इतकं कुणी मला कधी विचारलंच नव्हतं. उत्तरं देता देता मला माझ्याच दुखण्याची ओळख झाली.

मग माझ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक थेंबांच्या रांगा ठेवल्या आणि प्रत्येकात सुईचं टोक हलकेच टेकवलं. वीस मिनिटं खाजवायचं नाही म्हणाल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले. दोन जागी डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. बाकी सगळं सपाट.

"एक गवताचा पराग," बाई म्हणाल्या, "आणि एक धानाचा."

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, आम्ही तर धानावरच जगतो."

"भाताने काही होत नाही. तो पोटभर खा. धान फुलतं तेव्हा त्याची धूळ उडते, डोळ्यांना दिसत नाही. तुझं शरीर तिला चोर समजतं आणि हाकलायला धावतं. शिंका, पाणी, खोकला, सगळी तीच धावपळ. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. ताटातून नाही, पेल्यातून नाही, श्वासातून नाही."

त्यांनी मला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून तो पराग दाखवला. उजेडात तरंगणारे गोल मणी, प्रत्येकाला एकच बारीक भोक. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. नऊ-दहाच्या उन्हात बांधीवर उभं राहिलं की धानाची फुलं उघडतात, मऊ पिवळे दोरे लोंबतात, आणि सगळं शेत धुरकट होतं ना, ते हेच मणी. त्यात मी चार सालं निंदायला गेले.

आता ही गोळी धान पिकेपर्यंत. पुढच्या पोळ्याच्या आधी पुन्हा सुरू करायची. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी बांधीत जायचं नाही, दुपारनंतर चालेल. मी डॉक्टरबाईंना हट्टाने मराठीत लिहून मागितलं. तो कागद सोबत आहे. "गोकुळा हिला क्षयरोग नाही." हे वाक्य सपरीत बसून मोठ्याने वाचून घ्या. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनाही बोलवा.

माझी थाळी तुम्ही वेगळी केली, तेव्हा राग आला होता. खोटं कशाला लिहू. पण तुमची सुकरी एकोणिसाव्या वर्षी खोकून खोकून गेली. ज्या आईने ते पाहिलं तिने दुसऱ्या खोकल्याला भ्यावं, याचा माझ्याने राग धरवत नाही. थाळी ठेवताना तुमचे डोळे भरलेले असायचे, ते मी पाहत होते.

तुमचं पत्र इथे संपतं, आत्याबाई. तुम्हांला नमस्कार.

आता पुढचं मोठ्याने वाचू नका, उमाजी. आत्याबाईंना अक्षर येत नाही, म्हणजे हे सगळं तुमच्याच आवाजात त्यांनी ऐकलं असणार. हे उरलेलं फक्त तुमच्यासाठी, माझ्या नवऱ्यासाठी आहे.

नागपूरच्या बाईंनी जुने कागद मागितले होते. परत आल्यावर बाबा इथल्या दवाखान्यात गेले, मागच्या वर्षीचा थुंकीचा रिपोर्ट विचारायला. कारकुनाने वही काढून दाखवली. रिपोर्टमध्ये क्षयाचे जंतू नव्हते, आणि तो नेल्याची सही होती. उमाजी. तारीख दिवाळीच्या आठ दिवस आधीची.

त्या दिवशी तुम्ही घरी येऊन म्हणालात, "अजून आला नाई रिपोर्ट. पुढच्या हप्त्यात पाहू." मी तुम्हांला पाणी दिलं. दोन दिवसांनी माझी बाज गोठ्यात गेली. एक टोक तुम्ही धरलं होतं, एक मी. तेव्हा कागद तुमच्या खिशात होता की पेटीत?

बाबा चिडले आहेत. मीही दोन दिवस जेवले नाही. मग या गुंगीत पडल्या पडल्या आठवलं, तुम्हीच एकदा सांगितलं होतं की सुकरीबाईंच्या पहिल्या तपासणीतही काही निघालं नव्हतं. त्या कागदावर विसंबून तुम्ही सगळे निर्धास्त राहिलात आणि त्या गेल्या. म्हणून तुमचा माझ्या कागदावर विश्वास बसला नसेल. आईला खोटा धीर द्यायचा नसेल. असं असेल तर मला समजतं. पण मग मला सांगायचं होतं. वरून बरी दिसले तरी मी वर्षभर मनात मरणाची तयारी करत होते, उमाजी. आईच्या पेटीत माझं लग्नाचं लुगडं वेगळं काढून ठेवलं होतं, बहिणीला द्या म्हणून. तेवढा एक कागद माझ्याजवळ असता तर निदान रात्री झोप लागली असती.

आणि कारण दुसरं काही असेल, मी तिथे नकोच होते असं असेल, तर तेही लिहा. उत्तर आलं नाही तर मी तेच समजेन.

आत्ता तुम्ही गप्प झाला असाल. आत्याबाई विचारत असतील, "काऊन थांबला? आणखी का लिवलं तिनं?" मी त्यांना काही कळवलेलं नाही, बाबांनाही कळवू दिलं नाही. त्यांना काय सांगायचं ते तुमच्याकडे. तुम्ही जे सांगाल, त्यावर माझं येणं राहील.

गोकुळा