येईल त्या गाडीला हात कर

ता. ४ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरमालकाला महिनाअखेर खोल्या रिकाम्या हव्यात, तेव्हा मला बूड हलवणं भाग आहे. दादा शहरात बोलावतो, तू जंगलात. तुझं बोलावणं मनापासूनचं की कर्तव्याचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आधी दोन दिवस राहून बघते. दादा गाडीने सोडतो म्हणाला, मी नको म्हटलं. गाडीवाचून पोचता आलं तरच तिथे राहण्यात अर्थ, नाहीतर साबण आणायलाही कुणाच्या तोंडाकडे बघावं लागेल. कसं यायचं ते नीट लिही.

लोभ आहेच, तू फक्त उत्तराची चालढकल करू नकोस.

तुझी आई


ता. ९ ऑक्टोबर

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून धक्काच बसला. तू एकटी बाजारापलीकडे गेलेली मला आठवत नाही.

रविवारी सकाळची बस धर. कंडक्टरला झाडांवरचा पूल म्हणून सांग आणि फाट्यावर उतर. पुढे चढ आहे, चालायच्या भानगडीत पडू नकोस. पूल बघायला येणाऱ्यांची रीघ असते, तेव्हा येईल त्या गाडीला हात कर. पुलाचे दोर आणि फळ्या तपासणारी कोण, असं विचारलंस तरी माझ्यापर्यंत आणून सोडतील. इथे फोनला रेंज नाही, म्हणून मी फाटकातच उभी राहीन.

माया आहे तशीच ठेव, सामान मात्र कमी आण.

तुझी खारूताई


ता. १९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईने तुला काही सांगितलं नसणार.

रविवारी वारा सुटला म्हणून मीच पूल बंद करायला लावला. पूल बंद म्हणजे वर येणाऱ्या गाड्याही बंद, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. बस येऊन जाऊन कितीतरी वेळ झाला, आईचा पत्ता नाही. मी फाट्याकडे निघणार, तेवढ्यात फाटकाशी मयताची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि अदबीने विचारू लागला, की पुलाचे दोर तपासणाऱ्या बाई कोण.

पुढचं मला नीट आठवत नाही. तिकीटवाल्या काकू सांगतात, मी आईच्या नावाने किंचाळत गाडीचं मागचं दार दोन्ही हातांनी ओढत होते. मग पुढच्या सीटवरून आईसाहेब पिशवी सांभाळत उतरल्या आणि म्हणाल्या, की मागे काय शोधतेस. वरच्या गावाला रिकामी निघालेली गाडी, फाट्यावर पहिली तीच आली, आणि मीच लिहिलं होतं येईल तिला हात कर. ड्रायव्हर बिचारा माझी माफी मागत राहिला.

दादा, मी हरले. हे ठिकाण तिच्यासाठी नाही आणि असा धक्का मला पुन्हा सोसणार नाही. तिला तूच घेऊन जा.

वहिनीला नमस्कार. धाकटीवर रागावू नकोस.

खारूताई


ता. २५ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

दादाने तुझं पत्र वाचून दाखवलं. माझा निकाल परस्पर लावणारी तू कोण? मी ठरल्याप्रमाणे दादाच्या गाडीवाचून आले, बसने धडधाकट परतले. तू मात्र निरोप देताना दगडासारखी उभी होतीस.

दादाला नाही म्हणून सांगितलंय, त्याने गाल फुगवलेत, उतरतील. महिनाअखेर मी तुझ्याकडे राहायला येते. कॉटखाली जागा कर, ट्रंक मोठी आहे.

तुझे बाबा गेले तेव्हा तू डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. चहा केलास, पाहुण्यांची पांघरुणं काढलीस, सगळं हात झटकल्यासारखं उरकलंस. तेव्हापासून मला धास्ती होती, की माझंही असंच उरकशील. त्या दिवशी तू मागचं दार ओढत होतीस आणि मी पुढे बसून सगळं ऐकत होते. दाराची कडी माझ्या हातातच होती. लगेच उतरता आलं असतं, पण उतरले नाही. अजून थोडं ऐकावंसं वाटलं.

यापुढे लोभ पत्रातून मागायची वेळ येणार नाही.

तुझी आई