फळ्यावरचं शून्य

डोंबिवली पूर्व,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दर्शनाताईस सम्यकचा सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. तुझे पाय सुजतात असं कळलं, ते उशीवर ठेवून झोपत जा. फोन केला नाही, कारण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि महेंद्रभाऊजी मधेच बोलतात.

अठरा तारखेला तुझं सिझेरियन आमच्या हॉस्पिटलात ठरवलंत. भाऊजींनी लॉबीतल्या फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला: ‘या महिन्यात रुग्णालयात झालेले जंतुसंसर्ग : शून्य’. खाली त्यांची टिप्पणी, ‘याला म्हणतात स्टँडर्ड’. भाऊजी इंजिनिअर आहेत. फरशी चकचकीत दिसली की त्यांचं समाधान होतं.

त्या फळ्यावरचं अक्षर माझं आहे, ताई. सगळ्या स्टाफमध्ये शुद्ध लिहिणारा मी एकटा, बारावी अर्धवट सोडलेला वॉर्डबॉय. पहिल्या महिन्यात आकडा विचारायला गेलो, तर मोठे डॉक्टर वर न बघता म्हणाले, "शून्य रे. दुसरा कुठला येतो तुला?" हे गृहस्थ एकाची जखम दाबून बघतात आणि त्याच हाताने पुढच्याची. तपासणीवाले येणार असले की तेवढे हात धुतात. दाराजवळच्या सॅनिटायझरच्या बाटल्याही त्याच दिवशी भरल्या जातात.

मी माझ्या वहीत मोजलंय. जूनपासून ऑपरेशनं दोनशे बारा, टाके पिकलेले सतरा. म्हणजे शंभरात आठ. फळ्यावर एकही नाही. ताप चढला की डिस्चार्ज द्यायचा, आणि पेशंट परत आला की ‘घरून संसर्ग’ लिहायचं, अशी इथली पद्धत आहे. सगुणा सिस्टर म्हणतात, "लोक घरी जंतू पाळतात वाटतं." म्हणतात आणि सही करतात.

त्या सतरात अकरावी आई आहे.

तू सगळ्यांना सांगतेस, आईला शुगर होती, सम्यकने पेढे दिले म्हणून हर्नियाचे टाके पिकले. पेढ्यांचा दोष मला परवडत होता. तिसऱ्या दिवशी तिला एकशे दोन ताप होता, थर्मामीटर मीच लावलेलं. डॉक्टर म्हणाले, "घरी ने, घरचं जेवण मिळेल." ते असं का म्हणतात ते मला माहीत होतं. आई म्हणाली, "तू इथलाच आहेस, तुला कळतं." मी खाली जाऊन रिक्षा बोलावली.

आई गेल्यावर आपण पुण्यानुमोदन केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. मी कामावर गेलो, फळा पुसला आणि शून्य काढलं. नीट, गोल.

ताई, अठराला इथे येऊ नकोस. दुसरीकडे जा, आणि जिथे जाशील तिथे अंगाला हात लावण्याआधी तो धुवायला सांग, डॉक्टर कितीही मोठा असला तरी. पुढच्या एक तारखेला फळ्यावर मी खरं लिहीन असं वचन देत नाही. माझा मला भरवसा नाही. म्हणून आधी तुला लिहिलं.

पत्र भाऊजींना दाखव.

आईसाठी रिक्षा बोलावणारा,
सम्यक