सुषमाने पुसलेलं ‘विल’

कलकत्ता, डिसेंबर १९५०, मंगळवार

आज लाज वाटतेय स्वतःची. सियालदहच्या वर्गात निर्वासित बायकांना उद्याविषयी इंग्रजी वाक्यं करायला सांगितली. खात्री असेल तर ‘विल’, नसेल तर ‘माइट’. सुषमाने पाटीवर लिहिलं, “माय ब्रदर विल कम.” भाऊ फाळणीपासून बेपत्ता, मला ठाऊक होतं! तरी माझ्यातली मास्तरीण बोललीच, “खात्री कुठाय? माइट लिही.” तिने पदराने ‘विल’ पुसलं. कशाला बोलले मी?

निघताना ती रोजच्यासारखी म्हणाली, “आशी, दिदिमणी.” म्हणजे ‘येते, बाई’. आपल्याकडेही ‘जाते’ म्हणत नाहीत. तो पदर डोळ्यांपुढून हलत नाही. पुण्याहून निघताना मीही आईला ‘येते’ म्हटलं होतं. तिने नाही विचारलं, नक्की का म्हणून.