माझ्यात तुझं काय

आई, काल प्रयोगशाळेत भाताच्या कळ्या उकलताना तुझी आठवण आली आणि काम बाजूला सारून लिहायला बसले. पत्र टाकायचं कुठे, हे ठाऊक नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी वाद घालायची माझी सवय काही सुटत नाही.

आपल्या गावाजवळ वडप्याला तेव्हा पहिली गोदामं उभी राहत होती आणि मी संशोधनातून सुट्टी काढून दिघाशीला घरी आले होते. तू चुलीशी भाकऱ्या थापते आहेस, मी पाटावर बसून हुशारी मिरवते आहे. फुलात पराग तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आधी जुळतात, मग वेगळ्या होऊन निम्मी-निम्मी वाटली जातात. ती जोडी जुळवणारं जनुक बिघडलं की वाटणी विस्कटते, दाणा भरत नाही. "अशी रोपं वांझ असतात," मी म्हणाले, आणि तुझा हात परातीतच थांबला.

"झाडाला तरी नको बोलू तसा. वंगाळ शब्द हाय तो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकीनं जन्म देऊन मला तुझ्या ओटीत घातलं, त्याआधी तो शब्द तू किती ऐकला असशील! पण राग धरणं तुला कुठं जमायचं? भाकरी उलटताना तूच विचारलंस, "मंग त्याचा बी कुठून आनता?"

"त्याच्या भावंडांकडून. ती दिसायला धड, पण बिघाड त्यांच्यात दडलेला असतो. त्यांचं बी पेरलं की काही रोपं पुन्हा तशीच निघतात."

"म्हंजे आपले घरासारखाच की!" तू खळखळून हसलीस. मग हसू ओसरलं. "निम्मा आयशीचा, निम्मा बापाचा, आसाच ना? मंग तुज्यात माजा काय आला?"

 जनुकांच्या हिशेबानं उत्तर 'काहीच नाही' असं होतं आणि खोटं तुला चालत नसे. "जेव, बाय," म्हणत तू भाकरी माझ्या ताटात टाकलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. पुढं जोड्या जुळवणाऱ्या एका जनुकावर मी वर्षानुवर्षं राबले, पण तुझ्या प्रश्नाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझा रक्ताचा रिपोर्ट बघत विचारलं, "आईला साखर होती?"

"होती," मी लगेच म्हणाले. "शेवटी पायाची जखमही भरत नव्हती."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं, त्यांना काकीचं विचारायचं होतं. काकी तर आजही दोन चमचे साखर घालून चहा पिते. मागं फिरून सांगायला हवं होतं. मी नाही गेले.