मावशी, इथे टीव्हीला लायसन्स लागत नाही!

प्रिय कुमुदमावशी,

इंग्लंडची विमानं आता नेमाने सुटणार, असं आजच्या बातम्यांत सांगितलं. ऐकलं आणि आधी तुझा रागच आला. थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? तुला लेस्टरला, तुझ्या लेकाकडे, अजितकडे पोचवायचं म्हणून मी किती तिकिटं काढली आणि किती रद्द झाली! म्हटलं, समोर भांडायला तू नाहीस, तर पत्रातच भांडून घ्यावं.

तीन महिन्यांसाठी म्हणून इथे ऑस्ट्रेलियात, गुंगालिनला भाचीकडे आलीस आणि अडकलीस. त्याचं तुला काही नव्हतं. कोविडचंही नव्हतं. भीती एकाच गोष्टीची: टीव्हीच्या लायसन्सची! तुमच्या इंग्लंडात घरी टीव्ही बघायचा तर लायसन्स लागतं, नाहीतर दंड. आल्या आल्या विचारलंस, "मेघना, लायसन्स कुठंय तुझं?" मी गाडीचं दाखवलं. तू कपाळावर हात मारलास.

"इथे टीव्हीला लायसन्स नसतं गं!" किती वेळा सांगितलं असेल मी? माझ्या सियानेही सांगितलं, "आजी, इट्स फ्री हिअर!" तू तिलाच दटावलंस, "हळू बोल, शेजारी ऐकतील."

लॉकडाऊनमध्ये टीव्ही हाच काय तो विरंगुळा. आणि तू भर दुपारी पडदे ओढायचीस! आवाज इतका बारीक, की पेशंटचे आकडे ऐकायला मी कान स्क्रीनला लावायचे. मालिकांमधल्या सासवा नुसते डोळे वटारायच्या, बोलतात काय ते कळायचंच नाही. मी घरून ऑफिस सांभाळू, सियाची शाळा सांभाळू, की तुला?

सियाच्या वर्गात पेशंट निघाला आणि आपण घरात बंद झालो, तेव्हा पोलीस आला होता. आपण घरातच आहोत ना, एवढंच बघायला! तू टीव्हीवर शाल टाकलीस आणि माझ्या आधी दार गाठलंस. "ऑफिसर, वी ओन्ली लिसन टू रेडिओ." लाजेने अर्धी झाले मी. तो बिचारा हसून म्हणाला, असलं लायसन्स इथे नसतंच. दार लागल्यावर तू म्हणालीस, "त्याला काय माहीत? पोलीस वेगळे, लायसन्सवाले वेगळे!"

"पुरे आता, मावशी! वेड लागायची पाळी आली माझ्यावर!" मी ओरडलेच.

तेव्हा कुठे तू बोललीस. लेस्टरची ती माडीवरची खोली, कुणीतरी दिलेला जुना टीव्ही, काका कामावर आणि दारात इन्स्पेक्टर. तू त्याला पाहुणा समजून चहा विचारलास! मग कोर्ट. अजित तुझ्या कडेवर. "दंड ह्यांना झाला," तू म्हणालीस. "टीव्ही बघत होते मी, आणि मान खाली घातली ह्यांनी. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही गं." हे आधी सांगायला काय झालं होतं?

त्यानंतर मी स्वतःच पडदे ओढायला लागले. तरी तुझी धास्ती जाईना!

मग त्या सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्समधून गाऊन, मास्क, चष्मे घातलेली दोन माणसं आली. टीव्ही चालूच होता. मी तुझा हात धरून बसलेली, आणि तू त्यातल्या बाईला काय सांगावंस? "टीव्ही इज माइन. नॉट हर्स. फाइन मी."

"नो वरीज, डार्लिंग," ती म्हणाली. तुला घेऊन गेले. मला सोबत येऊ दिलं नाही. तुझा आवाज मी ऐकला तो तेवढाच.

अजितने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आई शेवटचं काय बोलली?" मी म्हटलं, "तुझं नाव घेतलं." दुसरं काय सांगणार होते? निदान जाताना तरी काही धड बोलायचंस की!

पण ते खोटं मला पचत नाहीये. म्हणून आज त्याला फोन करून जे झालं ते सगळं सांगणार आहे. आधी तो हसेल. मग मी त्याला सांगेन, की काकांच्या वेळी तुझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. या वेळी फुटला, माझ्यासाठी. नक्की सांगेन, मावशी.

तुझ्यावर अजूनही रागावलेली,
मेघना