फ्लेक्स बघायला इंग्लंडला

पारनेर,
११ मे २०२५

मोनिका यांना,

नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत, ऊन सोडून. तुमच्याकडंही तसंच असणार. नावापुढं काय लावावं यात एक कागद वाया गेला, म्हणून शेवटी नुसतं नाव लिहिलंय.

मी गोरक्ष. गेल्या महिन्यात आईवडील आणि छगनमामांबरोबर तुम्हाला बघायला सोनईला आलो होतो तो. (बघायला हा शब्द मला पटत नाही, पण दुसरा सुचला नाही.) आपल्याला गच्चीवर बोलायला सोडलं तेव्हा तुम्ही विचारलं, पीएचडी नेमकी कशात करणार? मी बराच वेळ बोललो. शेवटी तुम्ही म्हणालात, "मला काहीच कळलं नाही. लिहून पाठवा. घरी नको, मेडिकलवर पाठवा." म्हणून हे तुम्ही काम करता त्या दुकानाच्या पत्त्यावर.

तर. मी चुलतभावाच्या दुकानात फ्लेक्सचा मजकूर लिहितो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. सगळ्यात जास्त भांडणं खालच्या ओळीवरून होतात, शुभेच्छुकांच्या. कुणाचा फोटो कुणाशेजारी, कुणाचा मोठा. ते ऐकून ऐकून मला एक कादंबरी सुचली. नुसत्या फ्लेक्सची, मधे एकही वाक्य नाही. एका घरातले वर्षानुवर्षांचे बोर्ड एकामागे एक. धाकटा भाऊ आधी खालच्या ओळीत कोपऱ्यात असतो, मग मधे येतो, मग वर चढतो, आणि एका वाढदिवसाला तो कुठंच नसतो. काय झालं ते कुणी सांगत नाही. वाचणाऱ्यानं ओळखायचं.

आणि हे बोर्ड खरोखर रस्त्यावर लावायचे. एक लावून बघितला, सुपा रोडला, मी मनानं रचलेल्या माणसाच्या वाढदिवसाचा. संध्याकाळी टपरीवर दोघं सांगत होते, माणूस चांगलाय, पण अलीकडं फोन उचलत नाही.

हे सगळं मी इंग्लंडच्या एका विद्यापीठाला कळवलं. तिकडं कादंबरी लिहून, फिल्म करून पीएचडी करता येते. सोबत आपण काय केलं आणि का केलं यावर प्रबंध लिहायचा. फी माफ, वर राहण्याखाण्याचा खर्च तेच देणार, साडेतीन वर्षं. त्यांनी मला घेतलं. छगनमामांनी तुमच्या घरी 'प्रोफेसर झाल्यात जमा' म्हणून सांगितलं, ते खोटं आहे. ही पीएचडी झाल्यावर काय होतं ते मला माहीत नाही. मुलाखतीत तिथल्या मॅडमना विचारलं, तर चांगला प्रश्न आहे म्हणाल्या आणि पुढचं विचारलं.

वडील एकच विचारतात, तेही त्यांच्या दूध संकलन केंद्रावर, सगळ्यांसमोर. फ्लेक्स इथं पारनेरात हायेत, मग ते बघायला इंग्लंडला कशाला जायचं? मी म्हणतो, लांबून नीट दिसतं. ते म्हणतात, मग टाकळीला जाऊन उभा राहा, ते पण लांबच हाय. दूध घालायला आलेले हसतात. मी पण हसतो. घरी येईपर्यंत वाटतं त्यांचंच बरोबर आहे. जेवताना वाटतं नाही. हात धुताना परत वाटतं, आहे.

विद्यापीठाला ३१ मेपर्यंत होकार कळवायचाय. वडील म्हणतात, सोनईचा निरोप येऊ दे. हो म्हणले तर लग्न कर आणि इथंच स्वतःचं दुकान टाक. नाही म्हणले तर बघू. त्यामुळं रोज मी निरोपाची वाट बघतो, आणि खरं सांगू का, वाट बघायला बरं वाटतं.

तुमच्या मेडिकलला उन्हाळ्यात गर्दी असते का? ओआरएस जास्त जात असेल.

हे मला विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं ते असं, की तुम्ही नाही म्हणाल का? घरी सांगा मुलगा पसंत नाही म्हणून, माझ्यात कारणं बरीच सापडतील. मग लोक म्हणतील, पोरीनं नाही म्हणलं म्हणून गेला. त्याला जायचंच होतं असं कुणी म्हणणार नाही. वडील पण नाही.

आणि हे लिहिल्यावर तुम्ही खरंच नाही म्हणाल याचं वाईटही वाटायला लागलंय. दोन्ही खरं आहे. कसं ते विचारू नका.

तुमच्या उत्तरावर सगळं सोडून बसलेला,
गोरक्ष


सोनई,
१७ मे

गोरक्ष यांना,

नमस्कार. पत्र मिळालं. शेठनी पाकीट माझ्याआधी उलटंपालटं करून बघितलं. औषध कंपनीचं आहे म्हणून सांगितलं. पुन्हा लिहिलंत तर अक्षर एवढं चांगलं काढू नका.

तुम्ही मागताय तो नकार आमच्याकडून कधीच गेलाय. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी तुमच्या छगनमामांना फोन केला. संध्याकाळी तुमच्या वडिलांचाच फोन आला, मनाला लावून घेऊ नका म्हणाले. चांगले बोलले. तुम्हाला कसं माहीत नाही?

कारणही सांगते. गच्चीवर मी विचारलं, इंग्लंडला जायचंय का? तुम्ही म्हणालात, वडील म्हणतील तसं. लग्न करायचंय का? तरी वडील म्हणतील तसं. मला वाटलं, आपण चुकीच्या माणसाशी बोलतोय, वडील खाली बसलेत, त्यांच्याशी बोलायला पाहिजे होतं.

कादंबरी मात्र आता कळली. तो धाकटा भाऊ कुठं गेला असेल, हे दोन दिवस गोळ्या मोजताना डोक्यात होतं. तुम्हाला लिहिता येतं. घरी बोलता येत नाही, ते आधी शिका.

मोनिका


पारनेर,
२५ मे

मोनिका यांना,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी सरळ केंद्रावर गेलो. वडील फॅट बघायच्या मशीनपाशी होते, माणसं किटल्या घेऊन उभी. मी सगळ्यांसमोर विचारलं, सोनईचा निरोप कधी आला?

त्यांनी पुढच्याचं दूध ओतून घेतलं. मग म्हणाले, "आला हुता." माणसं गेल्यावर खुर्चीत बसले आणि माझ्याकडं न बघता बोलले. "तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास. एकतीस तारीख गेली की सांगणार हुतो."

मला चिडायचं होतं. पण ती तारीख जायची वाट मी पण बघत होतो. त्यांना मी इथं पाहिजे होतो म्हणून ते वाट बघत होते, आणि मी का, ते मला अजून कळलं नाही.

मी म्हणलं, "मला जायचंय." हे मी आजवर कुणापुढं मोठ्यानं म्हणलंच नव्हतं. ऐकून मीच दचकलो.

वडील म्हणाले, "मग हे आधी का न्हाई म्हणलास? मी आपला फ्लेक्सवरून भांडत बसलो."

होकार तिथंच बसून मोबाईलवरून पाठवला. आई बोलत नाही. वडील बोलतात, ते जास्त अवघड जातंय. काल विचारत होते, तिकडं दूध गाईचं मिळतं का म्हशीचं.

फ्लेक्स बघायला तिकडं का, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. बहुतेक ते न सापडताच जाणार.

तुमच्यावर राग नाही. थोडा आहे. तुम्ही हो म्हणला असतात तर काय झालं असतं, असा विचार करतो, आणि मग दिसतं, की तेव्हाही मी आधी वडिलांच्या तोंडाकडं बघितलं असतं.

तुम्ही नीट ओळखून नाकारलेला,
गोरक्ष