सरांना दिसतंय तोवर

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा एररची लाल अक्षरं! सकाळपासून तेच. एवढंसं टूल — फाइलमध्ये लिहीत जायचं, शेजारी ब्राउझरमध्ये तयार पान दिसत जातं. बस्स. तेवढंही मला बसवता येईना. ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि सोमशेखर सर. त्यांना विचारलं तर, "वाचून दाखव की, काय म्हणतंय ते." उठून बघितलंही नाही. राग आला.

४ नोव्हेंबर

चहा पिताना सर स्वतःच बोलले. शुगरनं डोळ्याचा पडदा गेलाय. उजव्यानं काहीच नाही, डाव्यानं धूसर. "इंजेक्शनं चालू आहेत की. पण डॉक्टर नीट बोलत नाही. मग समजायचं काय ते."

साखर कारखान्यांतल्या ऊस मोजायच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्यानं उभं केलं. काटा अडला की फोन सरांनाच. लिहिलेली एक ओळ नाही, सगळं डोक्यात. ते आता माझ्याकडून लिहून घ्यायचंय. फाइलमधल्या #, * असल्या खुणांच्या गर्दीत त्यांना काही उमगत नाही. मोठ्या अक्षरातलं पान हवंय, मी लिहीत असतानाच.

"दिसतंय तोवर बघून घेतो."

मी कप धुवायला गेले.

५ नोव्हेंबर

टूल ज्यावर चालतं ते पायथॉन जुनं निघालं. नवं टाकलं, तर दुसरंच काही बंद पडलं. काढलं. परत टाकलं. काही नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चाललं!! — पण मराठीच्या जागी भलत्याच खुणा. टेबलावर डोकं टेकून रडले. सरांना ऐकू गेलं. "चैताली, मशीन रुसत नाही गं. फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह होतीय, बघ." आवाज इतका शांत की जास्तच रडू आलं. त्यांनी मला समजवायचं!

घरी आई म्हणाली, "तोंड का असं झालंय?" म्हटलं, डोकं दुखतंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

आलं! एन्कोडिंग बदललं नि मराठी आलं! 'काटा शून्यावर कसा आणावा' — टाइप केलं, सेव्ह केलं, की पलीकडं पानावर. सरांनी खुर्ची ओढली, नाक स्क्रीनला टेकेल इतकं. "अरे व्वा! लिही, लिही!" संध्याकाळपर्यंत सांगत होते. घसा बसला त्यांचा.

१४ नोव्हेंबर

कारखान्यावरून जोतिरामचा फोन. काट्यावर तोच बसतो. "सर, आकडा हलंना की! हितं ट्रॅक्टरची रांग लागलीया." सर म्हणाले, "थांब, चैताली सांगंल." मी आमच्या पानावरून वाचत गेले, तो करत गेला. चाललं! सर हसले, मग खिडकीकडं तोंड करून बसले.

१८ नोव्हेंबर

"अजून मोठं कर." केलं. "अजून." एका ओळीत आता दोनच शब्द मावतात. मी भराभरा लिहितेय. किती भराभरा लिहिणार?

२१ नोव्हेंबर

कुठलं बटण दाबायचं, ते पानावर चुकीचं लिहिलं होतं मी. सरांनी पकडलं नाही. माझं मलाच दिसलं. गुपचूप बदललं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सर आले, बसले. मी पान उघडलं, अक्षरं जमतील तेवढी मोठी केली, लिहायला लागले. सर वाट बघत राहिले.

"चैताली, चालू कर की."

चालूच होतं.